सुरतेचे दार आणि दिवाडीचा बिशप

गेल्या थंडीत मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी सुरतेला जाणे झाले. लग्नघरात आमच्यासारख्या पाहुण्याला दुपारी काहीच काम नसते. बायका मेंदीत गुंतलेल्या, पुरुष मंडळी पत्त्यांत. मी गुपचूप बाहेर पडलो, रिक्षा केली आणि कतारगाम दरवाजाकडच्या जुन्या फिरंगी दफनभूमी पाहायला निघालो. रिक्षावाल्याने वाटेत दोनदा खात्री करून घेतली, "कब्रस्तान ही जाना है ना?" लग्नाच्या कपड्यातला माणूस तिकडे कशाला जातो, असे त्याला वाटले असणार.

तिथे इंग्रजांची एक आणि डचांची एक, अशा दोन दफनभूमी आहेत. थडगी कसली, घुमटांचे महालच ते. इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन इथे पुरला आहे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा वखार लढवणारा तो हाच. डचांच्या बाजूला सर्वांत मोठा घुमट आहे तो फान रीडेचा. 'होर्तुस मलाबारिकुस' हा वनस्पतींचा अवाढव्य ग्रंथ त्याने सिद्ध केला. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट या तिघा कोकणी वैद्यांचा नागरी लिपीतला दाखला छापलेला आहे, हे गोव्याच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. असो, हे विषयांतर झाले.

मी शोधत होतो ते घर मात्र कोणाला ठाऊक नव्हते. सुरतेत त्या काळी फ्रेंच कापुचिन पाद्रींचा एक मठ होता. फ्रान्स्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य मोगल दरबारात बरीच वर्षे होता. त्याने लिहून ठेवले आहे, की महाराजांनी लुटीच्या वेळी फादर आंब्रोझ या कापुचिन पाद्रीच्या मठाला हात लावू दिला नाही, कारण हे पाद्री भली माणसे आहेत असे त्यांचे मत होते. डचांच्या एका वारलेल्या हिंदू दलालाचे घरही, तो मोठा दानधर्म करणारा होता म्हणून, असेच वाचले. शाळेत असल्यापासून आपण ही गोष्ट महाराजांच्या उदारपणाचा दाखला म्हणून ऐकतो. ती तशी आहेच. पण गोव्याच्या माणसाला त्यात आणखी एक प्रश्न पडायला हवा. भारतातले कॅथलिक धर्माचे एवढे मोठे केंद्र गोव्यात. तिथे मठांवर मठ, चर्चवर चर्च. मग हे फ्रेंच पाद्री गोव्याला न येता मोगलांच्या बंदरात, मुसलमान सुभेदाराच्या आणि हिंदू-जैन सावकारांच्या शेजारात बिऱ्हाड करून का राहिले होते?

उत्तर सरळ आहे. गोव्याचे दार बंद होते, म्हणून.

पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या पोपांनी पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चचे पालकत्व दिले होते. त्याला पाद्रोआद म्हणत. चर्च बांधायचे, पाद्रींचा खर्च करायचा, जहाजे पुरवायची ती राजाने. त्या बदल्यात बिशपांची नावे सुचवायची तीही राजानेच. पूर्वेला जाणाऱ्या प्रत्येक पाद्रीने लिस्बनला जाऊन, परवानगी काढून, पोर्तुगीज जहाजाने गोव्याला उतरायचे, असा हा कारभार. पोपने पाठवलेला कागद जरी असला तरी लिस्बनच्या कचेरीचा शिक्का त्यावर नसेल तर गोव्यात तो रद्दी. मी स्वतः सरकारी कारकून आहे, त्यामुळे शिक्क्याचे हे माहात्म्य मला समजावून सांगावे लागत नाही.

रोमला हे पुढे जड जाऊ लागले. १६२२ मध्ये पोप ग्रेगरी पंधरावे यांनी 'प्रोपगांडा फिदे' नावाचे खाते उघडले. धर्मप्रसाराचा कारभार राजांच्या हातून काढून आपल्या हाती घेणे हा त्याचा हेतू. (आज प्रोपगांडा हा शब्द ज्या वाईट अर्थाने आपण वापरतो, त्याचे मूळ या खात्याच्या नावात आहे.) त्याचा पहिला सचिव फ्रांचेस्को इंगोली हा विलक्षण माणूस होता. जगभरच्या पाद्रींकडून त्याने अहवाल मागवले, ते वाचले आणि त्याच्या लक्षात आले, की पूर्वेकडे स्थानिक माणसाला पाद्री होऊ दिले जात नाही, आणि झालाच तर वर चढू दिले जात नाही. १६३० मध्ये या खात्याने हुकूम काढला, की लायक भारतीयांना, विशेषतः ब्राह्मणांना, दीक्षा द्यावी. 'विशेषतः ब्राह्मणांना' हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत, पुढे त्यांचे काम आहे.

पुढे १६५९ मध्ये याच खात्याने पूर्वेला निघालेल्या फ्रेंच बिशपांना सूचना दिल्या. लोकांच्या चालीरीती, त्या धर्माच्या आणि नीतीच्या उघड विरुद्ध नसतील तर, बदलायला जाऊ नका, तिथल्या माणसांतून पाद्री तयार करा, राजकारणात पडू नका. आणि पोर्तुगीजांच्या मुलखातून जाऊ नका. म्हणजे खुष्कीच्या मार्गाने सीरिया, इराण करत जायचे आणि तिथून मोगलांच्या बंदरात उतरायचे. लांबेर द ला मोत आणि फ्रान्स्वा पाल्यू हे दोघे १६६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत याच वाटेने सुरतेला आले आणि पुढे मच्छलीपट्टणवरून सयामला गेले. त्या आधी, १६४० च्या सुमारास, कापुचिनांनी सुरतेत मठ टाकला होता. मोगल अधिकाऱ्याला पाद्री पोर्तुगीज आहे की फ्रेंच याच्याशी कर्तव्य नव्हते. जकात मिळाली की झाले.

या दाराची किंमत किती, ते एफ्रें द नेव्हेर या कापुचिनाच्या गोष्टीवरून कळते. तो सुरतेहून मद्रासला जाऊन राहिला. शेजारच्या सांतोमेच्या पोर्तुगीजांना हा लिस्बनच्या परवानगीशिवाय आलेला पाद्री खुपत होता. १६४९ मध्ये त्यांनी त्याला पकडले आणि गोव्याच्या इन्क्विझिशनच्या कोठडीत पाठवले. त्याला सोडवण्यासाठी सुरतेचा फादर झेनों धावपळ करत होता आणि गोवळकोंड्याच्या दरबारानेही दडपण आणले, हे सारे तावेर्निए या जवाहिऱ्याने रंगवून लिहिले आहे. एका कॅथलिक पाद्रीला दुसऱ्या कॅथलिकांच्या तुरुंगातून सोडवायला मुसलमान दरबाराचा धाक लागावा, असा तो काळ.

आता या भांडणात आपला माणूस कुठे येतो ते पाहू.

वेल्ह्या गोव्यासमोरच्या दिवाडी बेटावर नावेली गावात, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, महाले नावाच्या बाटलेल्या ब्राह्मण कुटुंबात एक मुलगा जन्मला. मातेउश द कास्त्रु हे त्याचे ख्रिस्ती नाव. बार्देशात रेईश मागुश येथे फ्रान्सिस्कनांच्या पाठशाळेत तो शिकला. हुशार, हट्टी. त्याला पाद्री व्हायचे होते. गोव्याच्या आर्चबिशपने दीक्षा द्यायला नकार दिला. कोणाही एतद्देशीयाला दीक्षा देणार नाही, अशी शपथच त्या आर्चबिशपने घेतली होती असे सांगतात.

ही एका माणसाची लहर नव्हती. त्या काळच्या गोव्यात माणसांची एक शिडी होती. सर्वांत वर पोर्तुगालमध्ये जन्मलेला गोरा. त्याच्या खाली इथे जन्मलेला गोरा. मग मिश्र रक्ताचा. मग बाटलेला गोंयकार, ज्याला ते 'कानारिम' म्हणून हिणवत. आणि सगळ्यांच्या खाली आफ्रिकेतून आणलेला गुलाम. खरे म्हणजे १५४१ मध्ये गोव्यात पाठशाळा निघाली ती स्थानिक मुलांतून पाद्री घडवण्यासाठीच. पण जेझुइतांनी आपल्या संघात घेतलेला भारतीय एकच, कोल्लमचा पेरू लुईश, तोही ब्राह्मण, १५७५ साली पाद्री झालेला. त्यानंतर पुढल्या जवळजवळ दोनशे वर्षांत, तो संघ पोपने बरखास्त करेपर्यंत, एकही नाही. जेझुइतांचा पूर्वेकडचा सर्वाधिकारी वालिन्यानो हा चिनी-जपान्यांना 'गोरे' आणि आपल्याला 'काळे' असे मोजत असे, आणि काळे पाद्रीपदाला नालायक असे त्याचे मत होते.

गोऱ्यांतही ही शिडी किती तीव्र होती याचे एक उदाहरण मला कधीच विसरता येत नाही. फ्रान्सिस्कन संघात पोर्तुगालहून आलेले विरुद्ध इथे जन्मलेले, असा वाद पेटला. आई-बाप दोघेही शुद्ध गोरे असले तरी ज्या अर्थी या मुलांनी बालपणी इथल्या दाईचे दूध पिले आहे, त्या अर्थी त्यांचे रक्त बिघडले, असे वरचे लोक म्हणू लागले. मिगेल द पुरिफिकासांव या भारतात जन्मलेल्या गोऱ्या फ्रान्सिस्कनाला याचे खंडन करणारे पुस्तक १६४० मध्ये बार्सिलोनात छापावे लागले. आमच्या आज्या-पणज्यांच्या दुधाला एवढे सामर्थ्य होते हे वाचून हसावे की रडावे कळत नाही.

आणि हेही पाहा. रायतूरला बसून मराठीत 'क्रिस्तपुराण' रचणारा फादर स्टीफन्स हा जेझुइत इंग्रज. १६१६ मध्ये ते छापले गेले. मराठीवर त्याने केलेले प्रेम खोटे नव्हते, आपण गोमंतकीय मराठी वाचक त्याचे ऋणी आहोतच. पण ज्या लोकांच्या भाषेत तो ओवी रचत होता, त्या लोकांतला एकही तरुण त्याच्या संघात त्याच्या शेजारी बसू शकत नव्हता. भाषा चालत होती, माणूस चालत नव्हता.

मातेउश गोव्यात कुढत बसला नाही. खुष्कीने, इराण आणि पश्चिम आशिया ओलांडून, चार-पाच वर्षांच्या प्रवासाने तो १६२५ मध्ये रोमला पोचला. नव्या खात्याला असाच माणूस हवा होता. तिथे तो शिकला, १६३० च्या सुमारास पाद्री झाला आणि रोमचे कागद घेऊन परतला. गोव्याच्या अधिकाऱ्यांनी ते कागद मानलेच नाहीत. हा फिरून रोमला गेला. आणि १६३७ मध्ये पोप उर्बन आठवे यांच्या कारकिर्दीत तो बिशप झाला. लॅटिन पंथाचा पहिला भारतीय बिशप. पदवी क्रिसोपोलिसची, म्हणजे जिथे चर्च उरलेच नाही अशा जुन्या नगराची, आणि प्रत्यक्ष कामाचा मुलूख 'इदालकान', म्हणजे आदिलखानाचा, विजापूरचा. पणजीतल्या जुन्या सचिवालयाला आपण आदिलशहाचा राजवाडा म्हणतो तोच हा 'इदालकान'. पोर्तुगीज राजाच्या हद्दीबाहेरचा प्रदेश देऊन रोमने पाद्रोआदच्या कुंपणाला पहिली फट पाडली. आजच्या मुंबई आर्चडायोसिसची वंशावळ याच नेमणुकीपाशी जाऊन पोचते.

नवा बिशप राहिला कुठे? तर आमच्या डिचोलीत. डिचोली तेव्हा आदिलशाहीत. दिवाडीहून नदी ओलांडली की नार्वे, आणि नार्वे म्हणजे डिचोलीची हद्द. ही वाट नवी नव्हती. सोळाव्या शतकात दिवाडीवरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पाडले गेले तेव्हा त्याचे लिंग भक्तांनी याच नदीपलीकडे नार्व्याला नेले. महाराजांनी १६६८ मध्ये, म्हणजे सुरतेच्या पहिल्या लुटीनंतर चार वर्षांनी, तिथले देऊळ बांधवून घेतले. देव ज्या कारणासाठी नदी ओलांडून गेला, साधारण त्याच कारणासाठी शंभरेक वर्षांनी त्या बेटावरचा बिशपही ओलांडून गेला. दोघांनाही पाखल्यांच्या राज्यात जागा नव्हती. मी लहानपणापासून नार्व्याच्या जत्रेला जातो. पण या दुसऱ्या पाहुण्याविषयी आम्हांला कोणी कधी सांगितले नाही.

डिचोलीत बसून द कास्त्रुने गोव्याहून येणाऱ्या तरुणांना दीक्षा द्यायला सुरुवात केली. गोव्यात एकच गहजब झाला. ही दीक्षाच खोटी, असे म्हणणे निघाले. इथिओपियातून हाकलला गेलेला जेझुइत पॅट्रिआर्क आफोंसु मेंदिश तेव्हा गोव्यात होता. त्याने या बिशपाच्या कातडीच्या रंगावरून जे शब्द वापरले ते इथे लिहिण्याजोगे नाहीत. एका बिशपाने दुसऱ्या बिशपाला वापरलेले ते शब्द. चार्ल्स बॉक्सर या इंग्रज इतिहासकाराने ते छापले. पोर्तुगीज साम्राज्यातल्या वर्णभेदावरचे त्याचे पुस्तक १९६३ मध्ये आले तेव्हा सालाझारचे सरकार भलतेच संतापले. पोर्तुगीजांत वर्णद्वेष कधी नव्हताच, असा त्यांचा जगभर चाललेला डिंडिम होता, आणि १९६१ मध्ये गोवा गेल्यानंतर तर तो आणखी वाढला होता.

द कास्त्रु काही संत नव्हता. तापट होता, भांडकुदळ होता. तिसऱ्यांदा रोमला जाऊन आला, इथिओपियात शिरायचा प्रयत्न करून फसला, पुन्हा डिचोलीला परतला. तिकडे १६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून फुटले, रोम त्या नव्या राजाला मान्यता देईना, त्यामुळे पोर्तुगीज मुलखातल्या बिशपांच्या रिकाम्या जागा भरता येईनात. या गोंधळात १६५३ मध्ये त्याने 'एशपेल्यु द ब्रामानिश', म्हणजे ब्राह्मणांचा आरसा, नावाचे एक जळजळीत पत्रक लिहिले. गोव्याच्या ब्राह्मणांनो, या आरशात आपली अवस्था पाहा, किती दिवस हे जोखड वाहणार, असा त्याचा रोख. पुढच्याच वर्षी आदिलशाही फौज बार्देश आणि सासष्टीत उतरली. विजापूरला आणि डचांना चिथावणी याचीच, असा पोर्तुगीजांचा आरोप. फौज परत गेली. हा १६५८ मध्ये शेवटचा रोमला गेला आणि १६७० च्या दशकाच्या अखेरीस तिथेच वारला. रोमने त्याला परत पाठवले नाही. राजकारणात पडू नका ही १६५९ ची सूचना लिहिताना खात्यातल्या कोणाच्या मनात हा आरसेवाला बिशप आला नसेल, असे मला तरी वाटत नाही.

इथपर्यंतची गोष्ट सांगायला मला आवडते. हिंदू असून आवडते. पोर्तुगीजांविरुद्ध लेखणी उगारणारा पहिला गोंयकार म्हणून त्याच्याकडे बोट दाखवणारे लेख मी वाचले आहेत, एकेकाळी स्वतःही तसाच लिहिला असता. पण पत्रकाच्या नावावर पुन्हा एकदा नजर टाका. आरसा गोंयकारांचा नाही. ख्रिस्तावांचा नाही. ब्राह्मणांचा आहे.

त्याची तक्रार अशी, की आम्हां कुलीनांना तुम्ही त्या शिडीवर खालच्यांत ढकलले. शिडी असावी की नसावी हा प्रश्न त्याने कधी विचारला नाही. आणि एकट्या त्यालाच कशाला दोष द्यावा? १६०६ च्या गोव्याच्या धर्मपरिषदेने दीक्षा द्यायची तर ब्राह्मण, प्रभू अशा उच्च मानलेल्या जातींनाच, असे ठरवून टाकले होते. रोमच्या हुकमातही 'विशेषतः ब्राह्मणांना' होतेच. देवापुढे सारे सारखे, हे तत्त्व रोमच्या कागदावर होते यात शंका नाही. अमेरिकेतले मूळ रहिवासी हीही माणसेच आहेत आणि त्यांना गुलाम करू नये, असे पोप पॉल तिसरे यांनी १५३७ मध्येच सांगितले होते. पण तत्त्व रोमहून निघायचे, सुरतेच्या बंदरात उतरायचे, आणि गोव्याच्या वेशीवर येईपर्यंत त्याला जात चिकटलेली असायची.

पुढे काय झाले ते आणखी बोलके आहे. १६८२ मध्ये वेल्ह्या गोव्यात एतद्देशीय पाद्रींचा ऑरेटरी संघ निघाला. बाणावलीचे फादर जुझे वाझ, ज्यांना २०१५ मध्ये संतपद मिळाले, ते याच संघाचे. सिलोनमध्ये डचांच्या नजरेआड मजुराच्या वेशात फिरून त्यांनी केलेले काम थक्क करणारे आहे. पण या संघात प्रवेश ब्राह्मणांनाच. मग चाड्ड्यांनी काय करावे? त्यांनी चिंबलला कार्मेलाइतांचा आपला वेगळा संघ काढला. त्याआधी लेखणीची लढाई होऊन गेली होती. १७०२ मध्ये आंतोनियु जुआंव द फ्रियश या गोंयकार पाद्रीने ब्राह्मणांच्या श्रेष्ठत्वाचा ग्रंथ लिस्बनला छापला, १७१३ मध्ये लेओनार्दु पाइश या दुसऱ्या गोंयकार पाद्रीने चाड्डी हेच खरे राजवंशी, म्हणून त्याला ग्रंथानेच उत्तर दिले. दोघेही ख्रिस्ती धर्मगुरू. दोघेही बाटून चार-पाच पिढ्या झालेले. पोर्तुगीज भाषेत, लिस्बनच्या छापखान्यात, वर्णाश्रमाचे भांडण! सुदीर आणि गावडे यांचा कैवार घेणारा ग्रंथ मात्र कोणी छापला नाही.

गोऱ्या-काळ्याचा प्रश्न सुटायला आणखी बराच काळ गेला. पोंबालने १७६१ मध्ये राजाज्ञा काढली, की आशियातले ख्रिस्ती प्रजाजन पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांच्या बरोबरीचे, आणि त्यांना रंगावरून हिणवणे हा गुन्हा. गोव्याच्या अधिकाऱ्यांनी ती आज्ञा फायलीत ठेवून दिली. १७७४ मध्ये पुन्हा बजावावी लागली. (ही रीत आमच्या खात्यांत अजून जिवंत आहे.) तरीही मोठ्या जागा पाखल्यांनाच. कौतु आणि गोंसाल्विश हे दोन पाद्री लिस्बनला जाऊन बिशपपदाची आशा धरून बसले आणि हात हलवत राहिले. त्यातला गोंसाल्विश पुन्हा दिवाडीचाच! त्यातूनच १७८७ चे पिंटोंचे बंड उभे राहिले. ४७ जणांना पकडले, त्यांत १७ पाद्री. १५ जणांना दुसऱ्या वर्षी ठार मारण्यात आले, पाद्रींना लिस्बनला नेऊन चौकशीविना डांबले. मी रोज कार्यालयातून सुटल्यावर मांडवीच्या काठाने बस-स्टँडकडे जातो तेव्हा आबे फारियाचा पुतळा लागतो. कांदोळीचा तो पाद्री, बंडात त्याच्याही बापलेकांवर संशय होता. दीक्षा त्यालाही रोमलाच जाऊन मिळाली होती.

गोव्याला पहिला गोंयकार आर्चबिशप मिळाला तो १९७८ मध्ये, रावल निकोलाव गोन्साल्विस. द कास्त्रुनंतर ३४१ वर्षांनी आणि पोर्तुगीज गेल्यानंतर १७ वर्षांनी. पूला अँथनी हे देशाचे पहिले दलित कार्डिनल झाले ते तर २०२२ मध्ये. त्याच दिवशी आपले फिलिप नेरी फेर्रांव हेही कार्डिनल झाले. गोव्याच्या वर्तमानपत्रांत साहजिकच आपल्याच माणसाचा फोटो मोठा होता. आणि पूर्वेकडचे मुलूख जिंकण्याला धार्मिक मुलामा देणारी पंधराव्या शतकातली पोपांची फर्माने कॅथलिक शिकवणुकीचा भाग नाहीत, असे व्हॅटिकनने स्पष्ट म्हटले ते २०२३ च्या मार्चमध्ये. पाद्रोआदचा पाया त्याच फर्मानांत होता.

आता हे सगळे लिहिताना एक हिंदू ख्रिस्तावांच्या जातीवर बोट ठेवतो आहे असे कोणाला वाटेल, म्हणून घरचे सांगतो. आमच्या बाजूच्या एका देवळात पालखीला खांदा कोणी द्यायचा यावरून चार वर्षे जत्रा पोलिस बंदोबस्तात झाली. त्या देवळाचे महाजन ठरलेल्या घराण्यांचे, आणि ती घराणी ठरलेल्या जातीची. गोव्यातली देवस्थाने आजही पोर्तुगीज अमदानीतल्या १९३३ च्या माझानीच्या कायद्यावर चालतात. पोर्तुगीजांचे सगळे पुसून टाकायला निघालेल्यांपैकी कोणी हा कायदा पुसा असे म्हणताना मी फारसे ऐकले नाही. आमचे घराणे महाजनांत आहे. माझ्या वडिलांनी त्या भांडणात कोणाची बाजू घेतली ते मी इथे लिहीत नाही. मी काय केले ते लिहितो. मी त्या चारही वर्षी जत्रेच्या दिवशी रजा टाकली नाही, कामाचे निमित्त करून पणजीतच राहिलो.

सुरतेहून परतल्यावर एका रविवारी कार्यालयातल्या दिवाडीच्या मित्राकडे गेलो. नार्व्याहून फेरी घेतली. पलीकडे पोचायला पाच-सात मिनिटे. त्याला ही सगळी हकीकत सांगत होतो. नावेलीचा बिशप, चार वेळा रोम, मेंदिशची शिवी, सुरतेतले कापुचिन. त्याला दिवाडीच्या पियेदाद चर्चची सारी माहिती, पण हा बिशप त्याला नवीन. शिवीच्या भागावर तो चांगलाच तापला. "पाखले तशेच ते," म्हणाला. मग मी आरशाची गोष्ट सांगितली, कोणासाठी लिहिला तो आरसा तेही सांगितले. तो जरा वेळ नदीकडे पाहत राहिला. त्याचे घराणे सुदीर. त्याच्या आजोबांपर्यंत कोणाला चर्चच्या कॉन्फ्रारीत लाल ओपमुस घालायला मिळाला नव्हता, हे त्याने मला पूर्वी एकदा सांगितले होते.

"आनी म्हाका?" तो हसत म्हणाला, "म्हाका ताणें पाद्री केलो आसतलो?"

मी काही बोलायच्या आत फेरी धक्क्याला लागली. फळी पडली, आणि तो मोटारसायकल ढकलत पुढे निघाला.